जुनी जीप पारखताना

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बघायला कुणी मला सोबत नेलं, की मी आधी तिचं घराणं पाहतो. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज जीप मुंबईत जोडायला घेतल्या. पुढे आलेली सीजे-३बी तिच्या उंच बॉनेटवरून लांबूनही ओळखू येते. हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. रुबाब मोठा, पण पेट्रोलचा खर्चही तसाच.

तो खर्च टाळायचा तर डिझेलची एमएम-५४०. तिच्यात प्यूजोचं २.१ लिटरचं इंजिन; आवाज करतं, पण ओझं निमूट ओढतं. १९८५ साली मारुती जिप्सी आली, ९७० सीसीची. लष्करानेही ती पुढे वर्षानुवर्षं वापरली. तिचं बळ इंजिनात नाही, हलकेपणात आहे. म्हणून चिखलातून ती सहज निघते. शेतीकामाला ५४०, घाटवाटांना जिप्सी, असं माझं ठाम मत आहे.

यातली कोणतीही घ्या, रंगाला भुलू नका. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा; खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजलेत. गाडी कोकणातली असेल तर स्प्रिंग जिथे चासीला जोडली आहे, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेल्या चासीवर मात्र पैसे घालू नयेत.