कॅसलरॉकचे नाके

परदेश म्हटला की आगबोट, खलाशी आणि मुंबईचा धक्का असे चित्र मराठी वाचकाच्या मनात उभे राहते. परंतु हुबळी-धारवाडच्या माणसाला कित्येक दशके परदेशगमनासाठी समुद्राची मुळीच गरज नव्हती. धारवाडास गाडीत बसावे, अळणावर, लोंढा, तिनईघाट ही स्थानके मागे टाकावीत, कॅसलरॉकला पेट्यांची झडती द्यावी, आणि दूधसागराच्या धबधब्याजवळून घाट उतरून कुळें येथे पुन्हा तीच झडती द्यावी, की प्रवासी लिस्बनच्या अंमलाखालील मुलखात पोचलेला असे. या सरहद्दीचा इतिहास लिहिणारांनी बहुधा तह, सैन्ये आणि सत्याग्रह यांचाच विचार केला. जो मनुष्य एका राज्यात कायमचा रहिवासी होता आणि दुसऱ्या राज्याचा प्रजाजन होता, आणि ज्याला वर्षातून एकदोनदा ही रेषा ओलांडावी लागे, त्याची हकीकत मात्र दप्तरांच्या समासातच राहिली.

फिरंग्यांना, म्हणजे पोर्तुगिजांना, परवान्यांची आवड पहिल्यापासूनच होती. सोळाव्या शतकात त्यांनी अरबी समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला आणि तो जवळ नसलेले जहाज लुटीस पात्र ठरविले. विजापूरच्या आदिलशहासारख्या बलाढ्य सत्ताधीशाच्या जहाजांनाही तो बाळगावा लागे. खुष्कीच्या वाटेवर मात्र हा दरारा चालत नसे. घाटमाथ्यावरून बैलांचे तांडे धान्य आणि कापूस घेऊन खाली उतरत व मीठ, नारळ, सुपारी घेऊन वर येत, आणि चौकीवरचा नाकेदार राहदारी व जकात यांपलीकडे फारसे विचारीत नसे. पाठीवरचा माल कोणता, हा त्याचा प्रश्न होता. माल वाहणारा कोणाची प्रजा, हा नव्हता.

रेल्वे आली तीही मालासाठीच. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये जो तह झाला, त्याने ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यामधील जकात बारा वर्षांपुरती उठविली, मुरगांव बंदरास लोहमार्गाने जोडण्याचे ठरविले, आणि त्याच्या बदल्यात गोव्यातील मिठाचा इजारा इंग्रजांच्या हाती दिला. वर्षाकाठी चार लक्ष रुपये पोर्तुगीज सरकारच्या तिजोरीत पडले खरे, पण पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांवर जगलेल्या माणसांच्या तोंडचा घास गेला. या तहाच्या छत्राखाली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने मुरगांवापासून घाटापर्यंतचा मार्ग बांधला, आणि 1882 साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने तो घाटमाथ्यावर उचलून लोंढा, धारवाड, हुबळीकडे नेला. 1888 मध्ये दोन्ही मार्ग कॅसलरॉकला मिळाले. अवघ्या चार वर्षांत, म्हणजे 1892 साली, तहाची मुदत संपली. जकात परत आली, आणि जे स्थानक केवळ डब्यांच्या अदलाबदलीसाठी बांधले होते ते सरहद्दीचे ठाणे होऊन बसले. लोहमार्ग एक आणि नाकी दोन, अशी ही विलक्षण व्यवस्था त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ नांदली.

सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडात होते. ज्या भव्य वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले ती मुळात या कंपनीची कचेरी होय. हुबळीस कारखाना निघाला. या दोन ठिकाणी नोकरीच्या ओढीने गोव्याहून माणसे आली, आणि त्यांच्यामागोमाग शिंपी, आचारी, वाजंत्री, पाव भाजणारे पोदेर हेही आले. यांतील बहुतेक ख्रिस्ती होते, पण सारेच नव्हे. सारस्वत व्यापारी आणि पंतोजी यांची घरेही धारवाडात होती, आणि त्यांची कुलदैवते फोंडा महालात असल्याने मंगेशीच्या वा शांतादुर्गेच्या जत्रेस जाताना त्यांनाही तीच दोन नाकी लागत.

या कुटुंबांची कायदेशीर स्थिती मोठी मौजेची होती, आणि तिच्याकडे आमच्या इतिहासकारांनी दुर्लक्ष केले याचे मला नवल वाटते. गोव्यातील साष्टीत जन्मलेला बाप पोर्तुगालचा प्रजाजन असे. हुबळीत जन्मलेला त्याचा मुलगा जन्मस्थानाच्या न्यायाने ब्रिटिश प्रजाजन ठरे. आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या सुनेचे मूल पुन्हा पोर्तुगीज नोंदवहीत दाखल होई. एका ताटात जेवणारी तीन माणसे दोन राज्यांची प्रजा असत, आणि त्याचे कोणास काही वाटत नसे, कारण विचारणारा कोणी नव्हता. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा 1920 साली झाला, पण या घाटातील रोजच्या येण्याजाण्याला त्याचा जाच फारसा पोचला नाही. नाताळास, किंवा डिसेंबरच्या आरंभी जुन्या गोव्यात भरणाऱ्या सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या फेस्तास निघालेल्या कुटुंबाला धास्ती असे ती पेटीतील नव्या कापडाची, आणि परतताना बाटल्यांची. नाकेदाराने ट्रंकेचा तळ उपसला तरी बापाचे राष्ट्रीयत्व उपसले नाही.

मनुष्यच संशयित ठरू लागला तो राजकारणामुळे. 18 जून 1946 रोजी मडगांवी डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. त्यांना सरहद्दीबाहेर घालविण्यात आले. आणि सप्टेंबरात ते पुन्हा गाडीने आले तेव्हा कुळें स्थानकावरच पकडून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले गेले. तोवर बाटल्या मोजणाऱ्या कुळेंच्या फलाटावर आता माणूसच मना केलेला माल ठरला.

यानंतरची कलाटणी दिल्लीहून आली, आणि तीही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने ठरविले की, ज्याचा अधिवास भारतात आहे आणि जो 26 जानेवारी 1950 च्या आधी निदान पाच वर्षे येथे राहत आला आहे, तो भारताचा नागरिक होय. हुबळीच्या कारखान्यात आयुष्य घालविलेला आणि तेथेच देह ठेवण्याचा मानस असलेला गोवेकर, अर्ज न करता, शपथ न घेता, एका सकाळी भारतीय झाला. पोर्तुगालच्या दृष्टीने तो पोर्तुगीजच राहिला. 1951 साली तर त्या सरकारने वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव देऊन आपला हक्क अधिकच घट्ट केला. ज्याचा मनोदय मात्र गोव्यास परतण्याचा होता, म्हणजे ज्याचे शरीर हुबळीत आणि अधिवास साष्टीत होता, तो वीस वर्षे येथे राहूनही परकीय ठरण्याचा संभव होता. दोघे एकाच यंत्रावर काम करीत असतील. भेद होता तो केवळ अंतःकरणातील एका संकल्पाचा, आणि अंतःकरणाची झडती कोणत्या नाकेदाराने घ्यावी?

हा प्रश्न पुस्तकी राहिला असता; परंतु 1954 साली दादरा व नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून गेल्यावर दोन्ही सरकारांनी माणसांच्या येण्याजाण्यावर निर्बंध घातले, परवाने मागितले जाऊ लागले, आणि 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन विसांहून अधिक बळी पडल्यावर भारताने सरहद्द बंद केली. घाटातील गाड्या थांबल्या, वकिलाती मिटल्या, मनिऑर्डरींची वाट खुंटली. नाकेबंदीचे राजकीय समर्थन करता येते आणि मीही ते करीन. पण तिचा भार पोर्तुगालचा सत्ताधीश सालाझार याच्या खांद्यावर किती पडला आणि हुबळीहून आईला दरमहा पैसे पाठविणाऱ्या फिटरच्या खांद्यावर किती पडला, याचा ताळेबंद अद्याप कोणी मांडलेला नाही. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्याची हद्द बदलली तरी कोणाचे नागरिकत्व बदलले नाही, हे गोव्याच्या सरहद्दीशी ताडून पाहण्याजोगे आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि रेषा पुसली गेली, पण प्रश्न उलटा होऊन पुढे आला. मार्च 1962 च्या नागरिकत्व आदेशाने गोव्यात जन्मलेल्या सर्वांना भारतीय मानले. ज्यांना दुसऱ्या देशाचे नागरिकत्व राखायचे असेल त्यांनी एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, अशी मुभा होती. फादर मोंतेरो या गोव्याच्या धर्मगुरूंनी तसे कळविले. त्यांना 13 नोव्हेंबर 1964 पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला; तो त्यांनी वाढवून घेतला नाही आणि देशही सोडला नाही. खटला झाला, तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सत्तांतर हे लष्करी कब्जा आहे, म्हणून जिनिव्हा करारांचे संरक्षण मला आहे, असा त्यांचा दावा होता. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या न्यायालयाने 1969 साली तो फेटाळला: प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच कब्जा संपला होता. निर्णय कायद्याने निर्दोष आहे. तरीही ज्याने कधी घर सोडले नाही असा मनुष्य, सरहद्दच त्याच्या अंगावरून निघून गेल्यामुळे, आपल्या गावी परदेशी झाला.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व 31 डिसेंबर 1974 च्या तहाने मान्य केले, मात्र 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क शाबूत ठेवला. परिणामी आजोबांची जन्मनोंद गोव्याच्या दप्तरातून काढून लिस्बनमध्ये रुजू करण्याची खटपट आता नातवंडे करतात, कारण त्या पारपत्रावर युरोपची दारे उघडतात. आमचा 1955 चा नागरिकत्व कायदा दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे पहिले आपोआप काढून घेतो. मग तो नातू परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड घेऊन येतो, आयुष्यभर केव्हाही येऊ शकतो, पण मत देऊ शकत नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. दाबोळीस विमानातून उतरला तर त्याला कार्ड आणि पारपत्र दोन्ही दाखवावे लागते. तोच पुढे मडगांवाहून हुबळीची गाडी धरून आजोबांच्या वसाहतीत निघाला, तर कुळेंस वा कॅसलरॉकला त्याची पेटी उघडायला सांगणारे कोणी येत नाही. तो मार्ग आज दक्षिण पश्चिम रेल्वेच्या ताब्यात आहे, आणि त्या रेल्वेचे मुख्यालय 2003 पासून हुबळीतच आहे.