हिमनद्यांच्या पीछेहाटीचा वाद

पर्वतांवरील हिमनद्या आक्रसत आहेत का, किती वेगाने, आणि त्यात माणसाच्या उद्योगाचा वाटा किती, या तीन प्रश्नांवर वैज्ञानिक, सरकारे आणि सामान्य लोक यांच्यात झालेली जाहीर चर्चा. जगभर ती दीर्घकाळ चालली. भारतात मात्र २००९-१० च्या हिवाळ्यात ती सर्वाधिक तापली, आणि तीही एका चुकीच्या सालामुळे.

ते साल २०३५. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात असे विधान होते की, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे. त्यामागे मोजमाप नव्हते. ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात १९९९ मध्ये आलेला मजकूर, त्यावर विसंबलेला एका निसर्गसंवर्धन संस्थेचा २००५ चा अहवाल आणि तेथून आयपीसीसी, असा तो प्रवास. एका रशियन अभ्यासकाच्या १९९६ च्या लेखनात २३५० हे साल होते. आकड्यांची उलटापालट झाली असावी, असा तर्कही तेव्हा मांडला गेला.

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. लेखक होते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना. हिमालयातील हिमनद्या मागे हटत आहेत हे त्यांना मान्य होते. ही माघार असाधारण आहे आणि तिचे कारण तापमानवाढच आहे, हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आयपीसीसीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘जादूटोण्याचे विज्ञान’ अशी केली. दोनच महिन्यांत, २० जानेवारी २०१० रोजी, आयपीसीसीला २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. चूक कबूल झाली हे चांगलेच झाले. पण साल खोटे निघाले म्हणजे बर्फ वितळणेच खोटे, असा अर्थ अनेकांनी काढला, आणि तो निखालस चुकीचा होता.

कारण मोजणी आधीपासून चालू होती. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातील अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्या उपग्रहचित्रांवरून तपासल्या. १९६२ मध्ये त्यांचे एकत्रित क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटर होते. नंतरच्या उपग्रहचित्रांत ते १,६२८ वर आलेले दिसले, म्हणजे २१ टक्के घट. हा शोधनिबंध ‘करंट सायन्स’मध्ये २००७ सालीच छापून आला होता. त्याच वर्षीच्या अहवालातील २०३५ या एका सालाने पुढे चर्चेत जेवढी जागा व्यापली, त्याच्या पासंगालाही हा निबंध पुरला नाही.

दोन्ही बाजूंना आपापले पुरावे सापडत, यामागे हिमनदीचा स्वभाव आहे. वर बर्फ साठतो, खाली वितळतो. या जमाखर्चावर तिची प्रकृती ठरते. लांबच लांब हिमनदीला हवामानातील बदल मुखापर्यंत पोहोचवायला काही दशके लागतात. अंगावर दगडगोट्यांचा जाड थर असेल तर मुख जागच्या जागी राहू शकते आणि थराखालचा बर्फ मात्र पातळ होत जातो. गंगोत्रीचे गोमुख दोन-तीन वर्षे फारसे हलले नाही, एवढ्यावरून ती सुखरूप आहे असे ठरत नाही. काराकोरममधील काही हिमनद्या तर स्थिर आहेत किंवा पुढे सरकल्या आहेत. ‘हिमालय’ या एका शब्दाखाली सगळे कोंबले की गोंधळ होणारच.

पुढच्या दशकात उत्तरे स्पष्ट होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हिमनद्या मागे हटतच आहेत, मग दोष माणसाचा कसा, हा आक्षेप रास्त होता. २०१४ च्या एका जागतिक अभ्यासाने त्याची फोड केली : १८५१ ते २०१० या काळातील घटीत मानवी वाटा सुमारे एक चतुर्थांश, पण १९९१ ते २०१० या वीस वर्षांत तो सुमारे ६९ टक्के. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे वापरून २०१९ मध्ये हिमालयातील ६५० हिमनद्या तपासल्या गेल्या. २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या पाव शतकाच्या दुप्पट निघाला.

महाराष्ट्रात हिमनदी नाही. इथल्या नद्या पावसावर जगतात. म्हणून हा वाद इथे बराच काळ दूरचा वाटला. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले, तेव्हा चारधाम यात्रेला गेलेली अनेक मराठी कुटुंबे त्या भागात अडकली होती. तो प्रलय प्रामुख्याने अतिवृष्टीचा होता, सगळा दोष हिमनदीवर टाकता येत नाही; पण हिमोढाने, म्हणजे हिमनदीने साचवलेल्या दगडमातीच्या बांधाने, अडवलेले पाणी काय करू शकते, हे त्या वेळी घराघरांत कळले.

महाराष्ट्राला या वादाशी जोडणारा दुसरा धागा समुद्रातून येतो. २००० ते २०२३ या काळात जगातील हिमनद्यांनी (ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे हिमस्तर वगळून) दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. त्यातून समुद्रपातळी सुमारे १८ मिलिमीटर वाढली. आकडा नखाएवढा दिसतो, पण महासागरांचे पाणी गरम होऊन फुगणे आणि ध्रुवीय हिमस्तरांचे वितळणे त्यात मिळवावे लागते.

चढत्या समुद्राचा इथे काय अर्थ होतो, याचे उदाहरण म्हणजे भिवंडी तालुक्यातील राहनाळ, हे गोदामांच्या पट्ट्यातले गाव. त्या पट्ट्याला वसईची खाडी जवळ. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की ओढ्यांचे पाणी खाडीत उतरत नाही, मागे फुगते. समुद्र जसजसा वर चढेल तसतशी ही अडवणूक लांबत जाईल. म्हणून या पट्ट्यातील ग्रामपंचायतींनी आणि जमीनमालकांनी नव्या गोदामासाठी भराव टाकण्यापूर्वी खाजणे आणि तिवरे मोकळी ठेवावीत. भरतीचे पाणी सामावून घेणारी जागा तीच आहे.