हरवलेलें पान आणि नवा पत्ता

घर बदललें म्हणजे आपण पोस्टांत एक अर्ज देतों. मग जुन्या पत्त्यावर आलेल्या पाकिटावर नवा पत्ता घातला जातो आणि पत्र लिहिणाराला कांहीं ठाऊक नसतांहि पत्र योग्य हातीं पडतें. इंटरनेटवरील पानांच्या बाबतींतहि हाच प्रश्न उभा राहतो. त्याचा इतिहास अवघ्या तीस-पस्तीस वर्षांचा. पण तो बोधप्रद आहे.

मार्च १९८९ मध्यें जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकानें निरनिराळ्या संगणकांवरील कागदपत्रें दुव्यांनीं जोडण्याची योजना मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर, म्हणजे पानें पुरविणारा संगणक, चालू झाला. त्यापूर्वींच अमेरिकेंत टेड नेल्सन यांनीं झॅनडू नांवाची कल्पना मांडली होती. तींत दुवा दुतर्फी असावयाचा होता. दोन्ही टोकांस एकमेकांची जाणीव राहावयाची होती. बर्नर्स-ली यांनीं दुवा एकतर्फी ठेवला. कोणीहि कोणाच्याहि पानाकडे बोट दाखवावें. परवानगी नको, नोंद नको. या मोकळीकीमुळें वेबचा प्रसार सुलभ झाला. पण तिची किंमतहि तेव्हांच ठरली. पान हललें तर तें बोट दाखविणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरला नाहीं.

आपला ब्राउझर पान मागतो व सर्व्हर उत्तर देतो. १९९१ सालच्या मूळ पद्धतींत या उत्तरासोबत कोणताहि आंकडा नसे. पुढें प्रत्येक उत्तराच्या आरंभीं तीन अंकी संकेत आला, आणि मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यांत ती पद्धत नोंदविली गेली. २०० म्हणजे मागणी पुरी झाली. ३०१ म्हणजे पान कायमचें दुसरीकडे गेलें, हा घ्या नवा पत्ता. ३०२ म्हणजे तें तूर्त दुसरीकडे आहे. ४०४ म्हणजे सांपडत नाहीं. जानेवारी १९९७ मधील १.१ या आवृत्तींत ४१० ची भर पडली: पान होतें, पण तें काढून टाकलें. ४०४ हा सर्नमधील एका खोलीचा क्रमांक होता, अशी एक कथा लोक आवडीनें सांगतात. बर्नर्स-ली यांचे सहकारी रोबेर काइयो यांनीं ती निराधार ठरविली आहे.

आंकडे ठरले, पण कोणत्या पत्त्यास कोणता आंकडा द्यावा हें ठरविणें सर्व्हरच्या व्यवस्थापकाचें काम. इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेंत रॉब मॅकूल यांनीं लिहिलेला सर्व्हर त्या काळीं लोकप्रिय होता. १९९४ मध्यें ते संस्था सोडून गेले व काम थंडावलें. तेव्हां तो वापरणाऱ्या मंडळींनीं आपापल्या दुरुस्त्या एकत्र करून १९९५ सालीं अपॅची हा सर्व्हर उभा केला. त्याच्या व्यवस्थेच्या फाइलींत ‘रीडायरेक्ट’ हा शब्द, ३०१ हा आंकडा, जुनी वाट आणि नवा पत्ता एवढें एका ओळींत लिहिलें कीं काम झालें. पण हजारों पानें एकदम हललीं तर तितक्या ओळी कोण लिहीत बसणार? एप्रिल १९९६ मध्यें राल्फ एंगेलशाल यांनीं ‘मॉड रीराइट’ हा भाग लिहिला व जुलै १९९७ मध्यें तो अपॅची मंडळास देऊन टाकला. पाणिनीचें एक सूत्र जसें असंख्य शब्दांस लागू पडतें, तसा यांतील एकच नियम एका ठेवणीच्या साऱ्या जुन्या पत्त्यांस नवें रूप देतो.

या सोयींचा गैरवापरहि होतो. सांपडत नसलेल्या पानाच्या जागीं काय दाखवावें हें सांगणारी ‘एररडॉक्युमेंट’ नांवाची आज्ञा अपॅचींत आहे. तेथें त्याच सर्व्हरवरील वाट दिली, तर पाहुण्यास समजुतीचें पान दिसतें आणि ४०४ हा संकेतहि कायम राहतो. पण पूर्ण पत्ता लिहिला, तर सर्व्हर ४०४ न म्हणतां नुसतें ‘तिकडे जा’ म्हणतो. पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक चुकलेला पाहुणा असाच मुखपृष्ठावर आणून सोडतात. दिसावयास हें आतिथ्य दिसतें. वस्तुतः माजघरांतील माणसाची चौकशी करणाराला दिंडीदरवाजाशीं नेऊन उभें करण्यासारखें तें आहे. पान गेलें कीं नुसतें हललें, हें त्याला कळतच नाहीं.

यांत एवढें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. हार्वर्डच्या अभ्यासकांनीं २०१३-१४ च्या सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हां सुमारें निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोंचत नसल्याचें आढळलें. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणींत, २०१३ सालच्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनीं उपलब्ध नव्हतीं. निकालाचा आधारच नाहींसा झाला, तर पुढच्या पिढीनें न्याय कशावरून पारखावा? १९९६ सालीं स्थापन झालेलें इंटरनेट आर्काइव्ह जुन्या पानांच्या प्रती राखतें, हे त्याचे उपकारच. पण प्रत राखणें निराळें आणि पत्ता राखणें निराळें. पत्ता राखणें मालकाच्याच हातीं असतें. दुवे तुटण्याचा दोष यंत्राचा नसून माणसांचा आहे, असें बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच बजावलें होतें.

खुद्द पहिल्या संकेतस्थळाचाच दाखला पाहा. त्याच्या पहिल्या पानाचा मूळ पत्ता अनेक वर्षें ओस पडला होता. तेथें जाणारास त्या स्थळाच्या मुखपृष्ठाकडे पाठविलें जाई. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें वेबचें तंत्र सर्वांस खुलें केलें. त्याला वीस वर्षें झालीं तेव्हां, २०१३ मध्यें, १९९२ सालची प्रत त्याच मूळ पत्त्यावर पुन्हां ठेवण्यांत आली. जन्मस्थानींहि पत्ता आपोआप टिकला नाहीं. कोणीतरी तो मुद्दाम जपावा लागला.

आपल्या संस्थेचें संकेतस्थळ नव्यानें बांधतांना रंगांचा व चित्रांचा विचार पुष्कळ होतो. त्याआधीं जुन्या पत्त्यांची यादी करावी. जें पान हललें त्यास ३०१ द्यावा, जें मुद्दाम काढलें त्यास ४१०, आणि उरलेल्यांस प्रामाणिक ४०४. आपला पत्ता ज्यानें विश्वासानें लिहून ठेवला, त्याच्याशीं आपण एवढें तरी सत्य बोललें पाहिजे.