नऊ हातांचें नाणें

ताम्रपट, शिलालेख व जुनीं दप्तरें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें सर्वश्रुतच आहे. परंतु जें रोज हजारों हातांतून जातें आणि ज्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाहीं, असें आणखीहि एक साधन आहे. तें म्हणजे चलनी नाणें. ब्रिटनमध्यें दुकानांतून परत मिळालेली मोड चाळून तींतून स्मारक-नाणीं वेंचून काढण्याचा छंद पुष्कळांना आहे. कित्येकांस तो पोरखेळ वाटतो. आम्हांस मात्र त्यांत इतिहासाचा एक धडा दिसतो.

पन्नास पेन्सांचें, म्हणजे अर्ध्या पौंडाचें, सात बाजूंचें नाणें १९६९ सालीं दहा शिलिंगांच्या नोटेच्या जागीं आलें. त्यावर पहिला स्मारकप्रसंग उमटला तो १९७३ सालीं. त्या वर्षीं ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायांत सामील झालें, सभासद राष्ट्रें नऊ झालीं, आणि नाण्यावर एकमेकांत गुंफलेल्या नऊ हातांचें वर्तुळ आलें. पुढें १९९२-९३ सालच्या नाण्यावर सभेचें मेज व त्याभोंवतीं बारा आसनें आलीं. समुदायाच्या परिषदेचें अध्यक्षपद त्या वेळीं ब्रिटनकडे होतें. अखेरीस ब्रिटननें युरोपीय संघ सोडण्याचें ठरविलें. ३१ ऑक्टोबर २०१९ ही तारीख घालून नाणीं पाडलींहि; पण मुहूर्त टळला आणि सुमारें दहा लाख नाणीं वितळवावीं लागलीं! ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडलें. त्या प्रसंगाच्या नाण्यावर सर्व राष्ट्रांशीं शांति, समृद्धि व मैत्री इच्छिणारे शब्द आहेत. प्रवेश, बैठक आणि निरोप असा सत्तेचाळीस वर्षांचा इतिहास एकाच मूल्याच्या तीन नाण्यांत सांठला.

आतां किंमतीचें पाहूं. प्रसंग मोठा म्हणून नाणें महाग, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. नऊ हातांचीं नाणीं ८ कोटि ९७ लाखांहून अधिक पाडलीं, म्हणून तीं स्वस्त. मेजाचीं अवघीं १ लाख ९ हजार, म्हणून तीं दुर्मिळ. पण १९९७ सालीं नाण्याचा आकार लहान केला आणि १९९८ सालीं जुनीं मोठीं नाणीं चलनांतून काढून घेतलीं, त्यामुळें हीं दोन्हीं आज मोडींत सांपडत नाहींत. लहान आकारांत क्यू येथील वनस्पति-उद्यानाच्या अडीचशेंव्या वर्षाचें, तेथील पॅगोडाचें चित्र असलेलें २००९ सालचें नाणें २ लाख १० हजारच निघालें, आणि लोक त्यामागें लागले. पुढें २०२३ सालचें सामन माशाचें नाणें २ लाखच निघून त्याहूनहि विरळ ठरलें. उलट, चर्चिलच्या स्मरणार्थ १९६५ सालीं निघालेलीं क्राऊन नाणीं सुमारें १ कोटि ९६ लाख होतीं. घरोघरीं तीं ठेव म्हणून जपलीं गेलीं. सर्वांनींच जपलीं, म्हणून त्यांना भाव आला नाहीं! उद्यान महाग आणि महापुरुष स्वस्त, हा बाजाराचा न्याय आहे.

दुसरी गोष्ट नाण्याच्या स्थितीची. आपल्याकडे तांब्याचें भांडें चिंचेनें घासून लखलखीत करण्याची रीत आहे. तोच उपाय नाण्यावर केल्यास त्याची किंमत उतरते. कारण घासण्यानें मूळचा ठसा व तेज दोन्हीं जातात.

परंतु किंमत आणि मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुर्मिळ नाणें संग्राहकाच्या पेटींत बंद होतें. कोट्यवधि पाडलेलें नाणें भाजीवाल्यापासून प्रधानापर्यंत सर्वांच्या हातीं फिरतें, आणि राज्यानें त्या काळीं लोकांना काय सांगूं पाहिलें त्याची साक्ष तेंच उत्तम देतें. या दृष्टीनें नऊ हातांच्या स्वस्त नाण्याला आम्ही पहिला मान देऊं. विलायतेहून परतलेल्या आप्तांच्या खिशांतली मोड आपल्याकडे अनेक घरीं एखाद्या डब्यांत पडून असते. ती मुलांपुढें ओतावी. भाव मागाहून विचारावा, आधीं प्रत्येक नाण्यावर काय लिहिलें आहे तें त्यांच्याकडून वाचवून घ्यावें.