कानस आणि आकडा

जंगलतोडीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक इंजिनांच्या मागे जातात. कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बीअरने १८८१च्या सुमारास वाफेचा रहाट उभा केला आणि ओंडके ओढणाऱ्या बैलांची सद्दी संपत गेली. मेन राज्यातल्या ऑल्व्हिन लोम्बार्डने १९०१ मध्ये साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या वाफेच्या गाडीचं पेटंट घेतलं, मग बर्फावरच्या घोड्यांची पाळी आली. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेची आणि १९२९ मध्ये पेट्रोलची साखळी-करवत काढली. हे सगळं खरंच आहे. पण या हिशेबात कापणाऱ्या माणसाच्या हातातल्या दोन किरकोळ वस्तू राहून जातात, त्या म्हणजे दात घासायची कानस आणि ओंडका वळवायचा आकडा. अमेरिकेतल्या लाकूडतोडीची घडी बदलली ती माझ्या मते करवतीला धार कोण लावतं, या प्रश्नाचं उत्तर बदललं तेव्हा. इंजिन त्या बदलाचं वाहन होतं.

पॅसिफिक किनाऱ्यावर १८८०पर्यंत झाड पाडायचं ते कुऱ्हाडीने, आणि करवत वापरायची ती पडलेल्या झाडाचे तुकडे करायला. त्यानंतर दोघांनी ओढायची लांब आडवी करवत उभ्या झाडालाही लागू लागली. हे शक्य झालं दातांच्या रचनेमुळे. तिचे काही दात चिरणारे, काही खरवडणारे. चिरणारे दात दोन्ही कडांनी रेषा कापत जातात आणि खरवडणारे मधलं लाकूड शेवयांसारखं लांबलचक उचलून बाहेर काढतात. खरवडणारा दात चिरणाऱ्यापेक्षा केसभर ठेंगणाच हवा. तो वर राहिला तर करवत अडते, फार खाली गेला तर नुसता भुसा पडतो. हा केसभर फरक इंचाच्या काही हजारांशांत मोजायचा. शिवाय दर चिरणाऱ्या दाताचं टोक ठरावीक मापाने बाहेर वाकवायचं, तेही एक डावीकडे, एक उजवीकडे. हे काम कापणाऱ्यांचं नव्हतं. तळावर त्यासाठी वेगळा माणूस असे, मोठ्या खिडकीची वेगळी झोपडी असे आणि त्याचा पगार तळावरच्या चांगल्या पगारांत मोडे. दिवसभर करवत ओढणाऱ्या दोघांची कमाई आणि कंबर, दोन्ही त्याच्या हातात होत्या. जंगलातली खरी सत्ता मुकादमाकडे होती की या झोपडीतल्या माणसाकडे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पहिल्या साखळी-करवतींनी ही सत्ता मोडली नाही, उलट घट्टच केली. श्टीलचं १९२९चं यंत्र सुमारे ४६ किलोचं, दोघांनी उचलायचं. आणि त्याकाळच्या साखळ्यांवरचे दात जुन्या करवतीचीच नक्कल होते, चिरणारे वेगळे, खरवडणारे वेगळे. इंजिन मिनिटभरात जे काम करी त्याने हे दात लवकर बोथट होत आणि त्यांना पुन्हा धारेवर आणायला जुनंच कसब लागे. कोंडी फुटली ऑरेगनमध्ये. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. तिचे वाकडे जबडे आळीपाळीने डावी-उजवीकडे चालत आणि लाकडाच्या धाग्याची पर्वा न करता उभं-आडवं कापत. त्यावरून त्याने साखळीचा दात घडवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये कंपनी काढली. या साखळीत एक दात डावा, एक उजवा. प्रत्येक दात वरून वळलेला, एकाच पात्याने बाजूही चिरणारा आणि तळही उचलणारा. त्याच्या पुढे एक छोटा खुंट असतो. दात किती खोल घुसेल ते तो ठरवतो. दाताची वरची पट्टी मागे उतरती असते, म्हणून घासत जाल तसा दात बुटका होतो आणि अधूनमधून खुंटही उतरवावा लागतो. बाकी सगळं काम एका गोल कानशीचं. ती बहुधा ३० अंशांत तिरपी धरायची, पुढे ढकलतानाच दाबायची, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. झोपडी नको, खिडकी नको. बुंध्यावर बसून काम होतं.

यावर आक्षेप येईल की श्रेय हलक्या इंजिनाचं आहे. पन्नासच्या दशकात एकट्याला पेलणारी यंत्रं आली, श्टीलचं १९५९चं ‘कॉन्ट्रा’ सुमारे १२ किलोचं होतं, आणि त्याशिवाय चांगली साखळी कितीशी उपयोगी पडली असती? आक्षेपात तथ्य आहे. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आल्या आणि एकमेकींच्या आधाराने चालल्या. पण पुढचं पाहा. पेट्रोल आणि विजेच्या जोडीला आता बॅटरी आली. म्हणजे इंजिन पुन्हा पुन्हा बदललं, पण साखळीवरचा दात मूळ घाटात कॉक्सचाच राहिला. दुसरा आक्षेप अळीच्या गोष्टीवर आहे: कंपनीच्या जाहिरातीला शोभेल इतकी ती गोजिरवाणी आहे. असेलही. गोष्ट वगळली तरी दात उरतोच, आणि तो गोल कानशीने घासता येतो हेही उरतं. मात्र कसब सगळ्यांच्या हाती गेलं तसं ते पातळही झालं, हे मान्य करायला हवं. ढलप्या पडाव्यात म्हणून उतावळेपणाने खुंट जास्त उतरवणारे निघाले, आणि अशी साखळी अचानक उसळून माणसावरच येते.

धार लावणं कापणाऱ्याकडे आलं म्हणजे ती जपणंही आलं; आकड्याचा संबंध इथेच येतो. मेनमध्ये नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्यांकडे आधीपासून आकडा होता, पण तो सैल कड्यात लोंबकळे, हवा तिकडे झुले. स्टिलवॉटर गावच्या जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५०च्या दशकाच्या अखेरीस तो पक्क्या कॉलरमध्ये बसवला. आता तो फक्त वर-खाली हलू लागला. दांड्याच्या टोकाला त्याने अणकुचीदार खिळाही दिला. आपल्या वखारीत पहारीने जे काम होतं तेच हे, पण पहार ओंडक्याखाली घुसते, तर हा आकडा ओंडक्याला वरून चावतो आणि लांब दांडा तरफेचं काम करतो. नदीवरची लाकूडवाहतूक मेनच्या केनेबेक नदीवर १९७६ साली थांबली. आकडा मात्र उरला, आणि तो निव्वळ जुन्याच्या हौसेने नव्हे. जमिनीवर पडलेला ओंडका एका दमात कापला की साखळी शेवटी मातीत शिरते, आणि मातीतली वाळू दोन-तीन सेकंदांत धार खाऊन टाकते. म्हणून तीन-चतुर्थांश कापून ओंडका आकड्याने पालथा घालायचा आणि उरलेलं वरून कापायचं. खटपट वाटते, पण कानशीचे तास वाचतात.

उलटा पुरावाही हाताशी आहे. अमेरिकेने १९६४ मध्ये वन्यप्रदेशांचा कायदा केला आणि त्या क्षेत्रांत मोटारीवर चालणारी अवजारं बंद झाली. पायवाटांवर पडलेली झाडं काढायला वनखात्याला जुन्या आडव्या करवती लागल्या. करवती कोठारांत होत्या; त्या घासणारे फारसे उरले नव्हते. अखेर १९७७ मध्ये त्याच खात्याने या करवतींच्या निगेवर आणि धारेवर एक पुस्तिका छापली. झोपडीतला माणूस जे हाताने जाणत होता ते आता मापांत आणि आकृत्यांत लिहून द्यावं लागलं.