अमरावती ते अकोला विमानाने किती वेळ लागतो? उत्तरातली मेख समजून घ्या

अमरावती (बेलोरा) आणि अकोला (शिवणी) या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या वेबसाइटवर ही दोन नावं टाकली, तर काही मिनिटांचा आकडा समोर येतो. पण या दोन शहरांमध्ये प्रवासी विमानसेवाच नाही!

मग हा आकडा येतो कुठून? दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत कमी अंतर काढलं जातं आणि त्याला विमानाच्या वेगाने भागलं जातं. विमान खरंच उडतं का, धावपट्टी पुरेशी आहे का, हे गणिताला ठाऊक नसतं. स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये जेमतेम पावणेतीन किलोमीटरसाठी विमान उडतं, कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये बडनेरा, मूर्तिजापूर आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. (याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता.)

अकोल्याला विमान का नाही?

मुख्य अडचण धावपट्टीची. शिवणीची धावपट्टी सुमारे १४०० मीटर, तर बेलोऱ्याची १८५० मीटर. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे गेला की हवा विरळ होते आणि उड्डाणासाठी विमानाला जास्त लांब धावावं लागतं. शिवणीची धावपट्टी वाढवायची मागणी जुनीच आहे, पण जागेचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला.

मुंबईहून खरा वेळ किती?

बेलोरा विमानतळाचं उद्घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झालं आणि अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या एटीआर विमानाला गणिताने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात पहिल्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं आणि मुंबईतली विमानांची रांग, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

गंमत म्हणजे नागपूर मुंबईपासून आणखी १४० किलोमीटर दूर, तरी तिथे जेट विमान साधारण दीड तासात पोहोचतं.

रिद्धपूरला जायचं असेल तर?

महानुभावांचं काशी मानलं जाणारं, लीळाचरित्राशी जोडलेलं आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचं गाव असलेलं रिद्धपूर मोर्शी तालुक्यात, अमरावतीच्या उत्तरेला आहे. बेलोरा मात्र शहराच्या दक्षिणेला, यवतमाळ रस्त्याकडे. म्हणजे उतरल्यावर अख्खं शहर ओलांडून वर जायचं. ज्या दिवशी अमरावतीचं विमान नसेल, त्या दिवशी नागपूरला उतरून रस्त्याने येणं किंवा रेल्वेने बडनेरा गाठणं सोयीचं.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड 'एव्हीआर' आहे ना, तेवढं बघा. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीला जाणारे विजयवाड्याला उतरतात, आणि तिथून रिद्धपूर फारच लांब आहे.