टकळी, भुशाची शेगडी आणि आपला सिंकिंग फंड

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मला 'सोसायटीचा आर्थिक इतिहास' लिहायला सांगितलं. बारा वर्षं खजिनदार असल्यामुळे हे काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं. पण जमाखर्चाचे आकडे दरवर्षीच्या अहवालात छापलेले आहेत. ते पुन्हा वाचायला कुणालाच आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही लिहायला आवडणार नाही. म्हणून कुठल्याच टाळेबंदात न आलेला इतिहास लिहितो आहे. मोहन्यातली आपली माणसं कमी पैशात, स्वतःच्या हातांवर विसंबून कशी जगली, हे त्यांना कुणी शिकवलं आणि माझ्यासारखे शिकलेले लोक ते कसं विसरले, याचा हा हिशेब आहे.

माझी शाळेची पहिली चार वर्षं मुरबाड तालुक्यात आजोळी गेली. शाळेच्या दारावर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी होती. तशी पाटी आजही कितीतरी जिल्हा परिषदेच्या शाळांवर दिसते, पण तिचा अर्थ आता कुणी विचारत नाही. आम्हाला रोज सूतकताईचा तास असे. एका हातात पेळू, दुसऱ्या हाताने टकळीला गिरकी द्यायची. सूत सारखं तुटायचं. गुरुजी रागवायचे नाहीत, एवढंच म्हणायचे, "तुटलं? मग जोड." शिवाय शाळेमागे भाजीचे वाफे होते. विहिरीचं पाणी आम्हीच ओढायचं आणि आम्हीच घालायचं. आम्हा पोरांची पक्की समजूत होती, की गुरुजींना शिकवायचा कंटाळा आला म्हणजे ते टकळ्या काढायला लावतात.

त्यामागे केवढा विचार होता हे पुष्कळ उशिरा कळलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. मुलाने एखादा हाताचा उद्योग करावा आणि त्यातूनच गणित, भाषा, भूगोल शिकावं, ही तिथली मुख्य कल्पना. तिलाच पुढे 'नई तालीम' म्हणू लागले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही योजना हाती घेतली आणि स्वातंत्र्यानंतर आमच्यासारख्या खेड्यातल्या मुलांपर्यंत ती 'मूलोद्योग' म्हणून पोचली. पण ती टिकली नाही. हाताने काम करायचं तर शाळेत कशाला जायचं, असं आईबापांना वाटे. माझे वडील त्यातलेच. "मुलगा टेबलाशी बसला पाहिजे," असं ते म्हणत. त्यांना दोष कसा देऊ? त्यांचे स्वतःचे दिवस यंत्राशी उभं राहण्यात गेले होते.

वडील इथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमुळे, म्हणजे आपल्या एनआरसीमुळे, उल्हास नदीकाठचं हे गाव कामगारांचं गाव झालं. कोकणातली, घाटावरची, उत्तरेकडची माणसं इथे एका भिंतीला भिंत लावून राहू लागली. पाळी सुटली की आंबिवली स्टेशनकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जायचा. पाचवीला मी इथे आलो. दोन खोल्यांत आम्ही सातजण. टकळी सुटली, आणि माझी दुसरी शाळा सुरू झाली ती आईच्या हाताखाली.

आईला सही करण्यापुरतं लिहिता येत होतं. पण तिच्या घरात वस्तू एकदाच मरत नसे. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी करून पुन्हा शिवायची, शर्ट आणखी वर्षभर चालायचा. भाताची पेज आधी आम्ही प्यायचो, उरलेली कपड्यांना खळ म्हणून जायची. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून दाभणाने शिवली की कच्ची वही तयार. रोज स्वयंपाकाला तांदूळ-डाळ घेताना त्यातली एक एक मूठ ती वेगळ्या डब्यांत टाकायची. पगाराला चारआठ दिवस उरले की ते डबे निघायचे. पाहुणा आला तरी त्याआधी त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा नियम.

तिची भुशाची शेगडी तर आजच्या मुलांना समजावूनच सांगायला हवी. पत्र्याच्या डब्याला तळाशी, बाजूने एक भोक पाडायचं. त्या भोकातून एक दांडकं आडवं आत सरकवायचं आणि डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरायची. मग भोवती लाकडाचा भुसा घालून तो घट्ट ठोकायचा. नंतर बाटली आणि दांडकं अलगद काढून घेतलं की आत हवेला वाट तयार होते. खालून पेटता कागद सरकवला की भुसा आतून हळूहळू जळत राहतो. भुसा नीट ठोकला नाही तर सगळा ढासळतो आणि घरभर धूर. मी दोनदा तो ढासळवला, म्हणून आईने मला त्या कामातून काढून टाकलं. मला बरंच वाटलं!

१९७२ च्या दुष्काळाच्या वेळी मी कॉलेजात होतो. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चावता येत नसे. आई त्याचं पीठ गरम पाण्यात मळून त्यात थोडं दुसरं पीठ मिसळायची, मग भाकरी एकसंध यायची. ही युक्ती तिला शेजारच्या सोलापूरकडच्या बाईंनी दाखवली होती, आणि आईने ती पुढे पाच घरांना दाखवली. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. वर्तमानपत्रातले ते फोटो आई बारकाईने बघायची. काटकसर ही सोसण्याची गोष्ट नाही, ती येणाऱ्या बाईला बोलायचाही हक्क आहे, असं काहीतरी तिला त्यात दिसत असावं.

१९७४ साली मी बँकेत लागलो. १९६९ च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर शाखा भराभर वाढत होत्या आणि आमच्या पिढीला टेबलाशी बसायची संधी मिळाली. वडिलांची इच्छा पुरी झाली. सदतीस वर्षं मी लोकांना बचतीचं महत्त्व सांगितलं. रिकरिंग, मुदत ठेव, पीपीएफ, सगळं तोंडपाठ. पण घरात फ्यूज उडाला की वायरमन, नळ गळला की प्लंबर. आई गेल्यावर तिचं शिवणाचं मशीन मी भंगारवाल्याला वजनावर दिलं. चालू स्थितीतलं मशीन! किती रुपये आले ते आठवत नाही, आणि मी आकडे सहसा विसरत नाही.

मग आला २६ जुलै २००५. सोसायटीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. इकडे उल्हास नदी काय करत होती, ते आपल्या तळमजल्याने पाहिलं. तळमजल्यावरचं एक कुटुंब रात्री आमच्या घरी आलं. गृहस्थ कारखान्यात फिटर होते. त्यांना सगळे 'मिस्त्री' म्हणत, मीही इथे तेवढंच म्हणतो. वीज नाही, त्यामुळे पंप नाही, वरची टाकी संपलेली. दुसऱ्या दिवशी आमचा सिलिंडरही संपला. माझी सगळी पासबुकं कपाटात कोरडी होती, आणि मला लहान मुलांसाठी कपभर पाणी तापवता येत नव्हतं.

मिस्त्रींनी तेलाचा रिकामा डबा मागितला. दुसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललं होतं, तिथून भुसा आणला. बाटली मधोमध धरून ते भुसा ठोकू लागले तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. गच्चीच्या पाइपाखाली पिंप लावून पावसाचं पाणी धरलं. ते चौपदरी धोतरातून गाळून, तुरटी फिरवून, निवळल्यावर उकळलं. प्रत्येक घरातून आलेल्या तांदूळ-डाळीची खिचडी गच्चीच्या जिन्यात शिजली. दोन दिवस सगळी इमारत त्या शेगडीवर जेवली.

पुढचा भाग लिहायला अवघड आहे, पण तो वगळला तर हा इतिहास खोटा होईल. २००९ साली कारखाना बंद पडला. हजारो कुटुंबांचा पगार थांबला. त्यांत मिस्त्री होते, आणि आपल्या सोसायटीतले आणखीही काही. २०११ पर्यंत मिस्त्रींची मेंटेनन्सची मोठी थकबाकी झाली. उपविधीप्रमाणे थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं. खजिनदार म्हणून मी हिशेब केला आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीची नोटीस तयार केली. कागद बिनचूक होता. रात्री सही करायला बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, त्या शेगडीचं बिल त्यांनी लावलं होतं का आपल्याला?"

मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, व्याजमाफीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, माफी नको. काम द्या." त्या वर्षी पंप आणि जिन्यातल्या वायरिंगच्या देखभालीचं कंत्राट सभेने त्यांना दिलं. चौदा महिन्यांत त्यांनी सगळी बाकी व्याजासकट फेडली. बाहेरच्या एजन्सीपेक्षा खर्चही कमी आला, तो मात्र टाळेबंदात आहे. आणि रविवारी पंपाजवळ चारपाच मुलं त्यांच्याभोवती उभी राहू लागली. कुणाला पाना धरायला दे, कुणाला वॉशर बदलायला लाव. मुलाच्या हातून काही तुटलं की म्हणायचे, "तुटलं ना, आता जोड." माझे गुरुजी आणि मिस्त्री एकमेकांना कधी भेटले नव्हते.

२०१३ साली आम्ही दोघं पुणे जिल्ह्यात पाबळला जाऊन आलो. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली मुलंही तिथे वर्षभर राहून शिकतात. वेल्डिंग, सुतारकाम, विजेची कामं, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, सगळं प्रत्यक्ष करून. डॉक्टर २००३ मध्येच गेले, पण काम चालू होतं. पंधरासोळा वर्षांचा एक मुलगा आपण जोडलेल्या खिडकीच्या चौकटीचा लोखंडासकट खर्च काढून दाखवत होता. मला त्याचा हिशेब आवडला, मिस्त्रींना त्याचा जोड. परतीच्या एसटीत ते म्हणाले, "आपल्याकडे गच्ची रिकामीच असते." आम्ही करू करू म्हणत राहिलो. २०१८ साली मिस्त्री गेले. वर्ग राहून गेला.

आता शेवटी थोडं आर्थिक लिहितो, नाहीतर संपादक रागावतील. सिंकिंग फंडात आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम टाकतो. पंचवीस वर्षांत ती नुसती सव्वासहा टक्के होते, वर साठलेलं व्याज. इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते दिवस जवळ येत आहेत. म्हणून हात लावायचा नाही तो नाहीच. हा फंड म्हणजे माझ्या आईचे मुठीचे डबे. पण नुसते डबे असून भागत नाही, शेगडी पेटवता यायला लागते. पुरात माझ्याकडे डबे होते, शेगडी मिस्त्रींकडे होती. त्यांच्या पडत्या काळात डबे आपल्या सगळ्यांचे मिळून होते. सहकारी सोसायटी या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच.

कार्यकारी मंडळाच्या परवानगीने एक राहिलेलं काम सुरू करत आहे. महोत्सवानंतरच्या पहिल्या रविवारपासून सकाळी दहा वाजता गच्चीवर वर्ग भरेल. फ्यूज, नळाचा वॉशर, शर्टाची कॉलर, कुंडीतली मेथी आणि भुशाची शेगडी. मिस्त्रींभोवती उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी दोघं, जे आता नोकरी करतात, शिकवायला येणार आहेत. भिवंडीहून एक जुनं शिवणाचं मशीन मी विकत आणलं आहे, ते तिथे ठेवतो. मी विद्यार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसेन. येताना घरातली एक तुटलेली वस्तू घेऊन या.